मतदान केंद्रातला ठेंगा

मले कोणी विचारलं, इंदुताई, तुमचा सगळ्यात मोठा विरोधक कोण, तर मी दादाजी मेश्रामाचं नाव घेईन. अन् कोणी विचारलं, तुमच्या घरावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, तरी त्याईचंच नाव घेईन. दोन्हीकडे एकाच माणसाचं नाव कसं, ते सांगते. मी तोंडाची फटकळ आहे हे नागपुरात जरीपटक्याच्या इकडे सगळ्याईले माहीत आहे, म्हणून गोड बोलण्याची आशा ठेवू नका.

आमच्या वस्तीत दोन गल्ल्या. एक विहाराची, एक हनुमान मंदिराची, अन् मधात शाळा. मतदान तिथंच होते. कोणत्या गल्लीचं मत कोणीकडे, हे शेंबड्या पोरालेही ठाऊक. इलेक्शन आलं का झेंड्याईवरून समजते, एक गल्ली कुठं संपली अन् दुसरी कुठं लागली. मी मंदिराच्या गल्लीतली, दादाजी विहाराच्या. मी आमच्या पार्टीची पोलिंग एजंट, ते त्याईच्या पार्टीचे. पोलिंग एजंट म्हंजे काही कलेक्टर नाही बापा. मतदानाच्या खोलीत साहेबलोकाईच्या बाजूले बाकावर दिवसभर बसाचं, मत द्याले आलेला माणूस खराच तो आहे का ते पाहाचं, अन् कोणी दुसऱ्याच्या नावावर आला तर आक्षेप घ्याचा. एवढंच काम. पण बाक एकच राहते. दोन पार्ट्यांचे दोन दुश्मन पहाटेपासून तर मशीन सील होईपर्यंत एकाच बाकावर मांडीले मांडी लावून बसतात.

पहिल्या वर्षी मी मधात पर्स ठेवली होती. दादाजीनं पर्सकडे पाहिलं, मायाकडे पाहिलं, अन् थोडे सरकून बसले. दुपारी मी डबा उघडला तर सांबारवडीचा, म्हंजे कोथिंबिरीच्या वडीचा, वास खोलीभर. दादाजीच्या डब्यात भाकर अन् जवसाची चटणी. मी म्हटलं, "घ्या, विष नाही घातलं." ते म्हणे, "घालाल कशाले, एजंट मेला तर मतदान थांबते, नुकसान तुमचंच." दुसऱ्या इलेक्शनपासून पर्स मांडीवर अन् डबा मधात. मंग तो रिवाजच पडला. निवडणूक कोणतीही असो, सांबारवडी माया घरची, चटणी अंजनाबाईच्या हातची. अंजनाबाई म्हंजे दादाजीची बायको. मले भेटली का पहिले डब्याचं विचारते, मंग तब्येतीचं.

दादाजी कन्हानकडे कोळशाच्या खदानीत होते, तिथूनच रिटायर झाले. उंच, काळेसावळे, डोक्यावर केस नाही. मतदानाच्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरा पँट, इस्त्री अशी का बाकावर बसतानाही मोडाची भीती वाटावी. मी एकदा चिडवलं, "लग्नाले चालले का?" ते म्हणे, "दीक्षाभूमीवर जातो तवा जो घालतो, तोच आजही घालतो." छप्पन साली ते बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेले गेले होते. त्याच्या आधीची एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. बापानं आयुष्यातलं पहिलं मत दिलं, अन् बोटावरची शाई जाईन म्हणून चार दिवस त्या हातावर पाणी पडू दिलं नाही. "आमच्या आज्याले मत नव्हतं, इंदुबाई. ज्याच्या मताले कोणी मोजत नाही, त्याले माणसात कोणी मोजत नाही." मी म्हणायची, "झालं भाषण? वडी घ्या."

पण हा माणूस नुसता बोलणारा नव्हता. आता आमच्या वस्तीत नव्या बिल्डिंगा झाल्या. तिथले लोक शिकलेले, गाडीघोडेवाले, अन् मतदानाच्या दिवशी ताडोब्याले वाघ पाहाले जातात. दुपारच्या वक्ताले बूथ असा सुना पडते का माश्याही येत नाही. तर हे दादाजी मतदानाच्या आधीच्या रविवारी मायाच दारात उभे राहत. म्हणत, "चला इंदुबाई, तुमच्या लोकाईले उठवून येऊ." मी म्हटलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ते लोक आमच्या पार्टीले देतात. ते झोपले राहिले तर तुमचंच भलं." त्याईनं चप्पल चढवता चढवता सांगतलं, "हरलो तर पूर्ण वस्तीकडून हरू. अर्ध्या वस्तीकडून काय हराचं." अन् खरंच आम्ही दोघं, दोन पार्ट्यांचे, एकेक दार वाजवत फिरायचो. दार उघडणारा गोंधळून जाये का हे दोघं सोबत कसे. एक बाई तर मले म्हणे, तुमचे मिस्टर का?

माया मिस्टरांचं सांगायचंच राहिलं. आमचे गोपाळराव. बजाजनगरच्या एका दुकानात हिशेब पाहत होते. आमच्या पार्टीचे असे कट्टर का जावयानं दुसऱ्या पार्टीले मत दिलं म्हणून दोन दिवाळ्या त्याच्यासोबत धड बोलले नाही. त्याईचा अन् दादाजीचा एक खेळ होता. गोपाळराव मत द्याचे, अन् बाकासमोरून बाहेर जाताना साहेबाची नजर चुकवून, कमरेपाशी हात धरून, दादाजीले ठेंगा दाखवायचे. म्हंजे, पाहा, तुमच्या विरोधात दाबून आलो. दादाजी गंभीर तोंड करून डोक्यावरून हात फिरवत. मंग दोघं शाळेबाहेरच्या टपरीवर चहा पीत. गोपाळराव खिशातून खर्रा काढायचे. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून घासून केलेला तो खर्रा, नागपुरात कोणाच्या गालात नसते? दादाजी हात जोडत. "मले नको. अन् तू बी सोड गा गोपाळ, एक दिवस हा तुले खाईन."

अन् खाल्लंच त्यानं. पहिले तोंड उघडेना, मंग गालात जखम, मंग डॉक्टरनं जे सांगाचं ते सांगतलं. ऑपरेशन झालं. डावा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला, मांडीचं मांस गालाले लावलं. जीव वाचला. डॉक्टरलोकाईचे उपकार मी विसरत नाही, पण घरी जो माणूस आला तो आरशासमोर उभा राहायले तयार नव्हता. बोलणं गेलं, नुसता घूं घूं आवाज. चेहऱ्यावर दुपट्टा गुंडाळायचे ते झोपतानाच सोडायचे. गच्चीवरही जाईना. पाहुणा आला का आतल्या खोलीत जाऊन दार लावायचे. दादाजी किती वेळा आले. ओसरीत बसायचे, दाराकडे तोंड करून वस्तीच्या बातम्या सांगायचे, पलीकडून आवाज नाही, मंग उठून जायचे. मी अंजनाबाईजवळ रडली एकदा. म्हटलं, माणूस आहे घरात, पण घर त्याच्याविना आहे.

अशात विधानसभेची निवडणूक आली. मी पहाटेच जाऊन बाकावर बसली. गोपाळराव येतील ही आशाच नव्हती, अन् मी म्हटलंही नव्हतं, कारण मायासारखी फटकळ बाईही त्या वर्षात तोंड सांभाळाले शिकली होती. ह्या वेळी साहेबानं आत डबा उघडू दिला नाही, म्हणून दुपारी दादाजी माया वड्या घेऊन जेवाले बाहेर गेले. त्याईच्या जागेवर पार्टीनं दुसरा माणूस ठेवला होता, अंकित नावाचा. आमच्या वस्तीचा नव्हता, दुसऱ्या भागातून आलेला. पोरगा वाईट नाही, कामाचा होता. त्याच्या पार्टीनं मीटिंगमध्ये सांगतलं होतं का ह्या बूथवर डोळे उघडे ठेवा, संशय आला का आक्षेप घ्या. त्यानं डोळे उघडे ठेवले होते.

बूथ रिकामा होता. बायाईच्या रांगेत बिल्डिंगमधल्या दोघी, त्या एकमेकींलेही ओळखत नव्हत्या. अन् दारात गोपाळराव उभे. एकटे. तोंडाले दुपट्टा, हातात ओळखपत्र. घरापासून शाळेपर्यंत हा माणूस दिवसाढवळ्या चालत आला होता, मत द्याले.

अधिकारी कुही तालुक्यातले एक मास्तर होते, सभ्य माणूस. म्हणे, "काका, चेहरा दाखवावा लागेल." गोपाळरावानं मायाकडे पाहिलं. मंग हळूहळू दुपट्टा सोडला. त्या दोघी बायाईनं मान फिरवली. अंकितनं कार्डावरचा फोटो पाहिला, भरल्या गालाचा, मिशीवाला. मंग समोर पाहिलं. म्हणे, "साहेब, हा तो माणूस नाही. मी आक्षेप घेतो." अन् दोन रुपयाचं नाणं टेबलावर ठेवलं. असा नियमच आहे, आक्षेप घ्याचा तर दोन रुपये भराचे, मंग अधिकारी चौकशी करते. दोन रुपयात माणसाले म्हणता येते, तू तो नाहीस.

मी उठलीच. "अरे मुडद्या, माया नवरा आहे तो, चाळीस वर्षं रांधून घालून राहिली मी त्याले, मले सांगतं का कोण आहे ते!" मास्तर म्हणे, "बाई, खाली बसा. तुम्ही पत्नी पण आहात आणि त्यांच्या पक्षाच्या एजंट पण. तुमच्या एकटीच्या शब्दावर मला निर्णय देता येत नाही. काका, नाव सांगा तुमचं." गोपाळरावाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मले खाली पाहावं लागलं. त्याईनं हातानं खूण केली का सही करतो. अंकित म्हणे, सही तर कोणीही करते. मी म्हटलं, दवाखान्याची फाईल घरी आहे, आणते. पण मी दाराकडे जाईपर्यंत गोपाळराव दुपट्टा परत गुंडाळून राहिले होते. मी त्या डोळ्यात पाहिलं अन् समजली का हा माणूस आता परतला तर पुन्हा कधी दाराबाहेर येणार नाही. वर्षभर घरात तो स्वतःले जे म्हणत होता, तेच आज सरकारी खोलीत कोणी मोठ्यानं म्हटलं होतं.

मी मास्तरले म्हटलं, "थांबा साहेब. बाहेर निंबाखाली दादाजी मेश्राम जेवून राहिले. ह्या पोराच्याच पार्टीचे. त्याईले विचारा." मास्तरनं शिपायाले पाठवलं. अंकित दारापर्यंत गेला अन् दादाजीच्या कानाशी लागला, पण खोली रिकामी होती, मले सगळं ऐकू आलं. "काका, यांचं पक्कं मत आहे. तुम्ही खोटं बोलू नका, फक्त चूप राहा. सांगता येत नाही म्हणा."

खोटं बोलाची गरजच नव्हती. खरंच सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण ऑपरेशन झाल्यापासून दादाजीनं हे तोंड पाहिलंच नव्हतं. ते आत आले, हाताले मायाच वडीचं तेल लागलेलं. मास्तर म्हणे, "या गृहस्थांना ओळखता?" गोपाळरावानं मान खाली घातली. दादाजी पाहत राहिले. खरं सांगते, त्या घडीले माया मनात आलं, गेला, पार्टी जिंकली, चटणी-वडीची दोस्ती हरली.

मंग दादाजी अगदी जवळ गेले अन् रोजच्या आवाजात म्हणे, "काहून गा गोपाळ? आज मले दाखवाचा नाही का?"

गोपाळरावानं मान वर केली. दुपट्टा खांद्यावर घसरला. अन् कमरेपाशी हात धरून, हळूच, अंगठा वर केला.

दादाजीनं डोक्यावरून हात फिरवला. मास्तरकडे वळून म्हणे, "हाच आहे साहेब, गोपाळ. दर इलेक्शनले हा माया पार्टीच्या विरोधात मत देते अन् मले ठेंगा दाखवते. नागपुरात दुसरा कोणी दाखवत नाही." मास्तरले हसू आवरेना. म्हणे, "म्हणजे मत तुमच्या विरोधात जाणार हे माहीत आहे तुम्हाला?" "ते त्याचं तो पाहीन. तुम्ही मले माणूस ओळखाले बलावलं, मत ओळखाले नाही."

आक्षेप फेटाळला. दोन रुपये जप्त झाले. गोपाळरावाच्या बोटाले शाई लागली, मशीन वाजली. बाहेर जाताना त्याईनं दादाजीले पुन्हा ठेंगा नाही दाखवला. हात जोडले. दादाजीनं ते हात खाली केले, म्हणे, "नाटकं नको करू, चल, चहा थंड करून पिता येते ना?" दोघं बाहेर गेले. मी बाकावर बसली तर त्याईच्या खांद्यावरून घसरलेला दुपट्टा तिथंच पडलेला. खिडकीतून पाहिलं तर गोपाळराव उघड्या तोंडानं टपरीवर बसले होते, अर्ध्या वस्तीसमोर, अन् बशीत चहा फुंकून राहिले होते. तो दुपट्टा मी धुवून घडी करून ठेवला. त्याईनं कधी मागितला नाही.

मत कोणाले दिलं हे मी विचारलं नाही. विचाराची गरज काय? माणूस मरणाच्या दारातून परत आला म्हणून काय पार्टी बदलते?

पण ह्या गोष्टीचं बिल दादाजीच्या नावानं फाटलं. त्या बूथवर आम्हाले बढत भेटली, अन् त्याईच्या पार्टीत कोणीतरी बोललं का आपलाच माणूस दुसऱ्याचे मतदार पक्के करते. पुढं महानगरपालिकेची निवडणूक आली. मी पहाटे डबा घेऊन बाकावर बसली अन् बाजूले येऊन बसला तो कोणी अनोळखी माणूस. त्यानं मधात बॅग ठेवली. दादाजीले पार्टीनं बसवलंच नाही. एवढ्या वर्षाचा एजंट, त्याले साधं कोणी सांगाले पण आलं नाही.

मी म्हटलं, बरं, मत द्याले तर येतील. सकाळ गेली. दुपार झाली, बूथ सुना पडला. डबा मी उघडलाच नाही. बदलीचा माणूस आल्याशिवाय बाकावरून उठता येत नाही, मोबाईल आत चालत नाही. तो आला तवा घडीभर बाहेर आली तर अंजनाबाई फाटकाशी उभी. म्हणे, "इंदू वं, हे सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसले. म्हणतात पाय दुखते. पाय नाही दुखत त्याईचा. ज्याच्या बापानं शाईवर पाणी पडू दिलं नाही, तो आज मत नाही म्हणते. मायं ऐकत नाही." मी गेली असती तर विरोधी पार्टीची बाई मनवाले आली म्हणून आणखी बोंब झाली असती. मी आत येऊन बसली, दाराकडे पाहत.

वक्त सरत आला होता. अन् दारात दोघं. पुढं गोपाळराव, उघडं तोंड, अन् त्याईनं हात धरलेला दादाजीचा. पांढरा शर्ट, पांढरा पँट, त्या दिवशी मात्र इस्त्री नव्हती.

कसं आणलं ते अंजनाबाईनं मंग सांगतलं. गोपाळराव अंगणात आले. बोलता तर येत नाही. दादाजी म्हणे, गोपाळ, तू जा, मी येत नाही. गोपाळराव ओसरीत गेले, दादाजीच्या चपला उचलून आणल्या अन् वाकून त्याईच्या पायासमोर ठेवल्या. दादाजीनं पाय मागं घेतले. म्हणे, "अरे, तू माया चपलाईले हात लावतं का?" गोपाळरावानं चपला पुन्हा पुढं सरकवल्या अन् तिथंच मातीत बसून राहिले. तुम्हाले आमची वस्ती माहीत नाही, म्हणून सांगते. मंदिराच्या गल्लीतल्या माणसानं विहाराच्या गल्लीत जाऊन असं बसलेलं अंजनाबाईनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. दादाजी उठले. चपला घातल्या.

मास्तर ह्या वेळी दुसरे होते. त्याईनं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, जा म्हणे. कोणी आक्षेप घेतला नाही. दादाजी मशीनच्या आडोशाले गेले. पालिकेच्या निवडणुकीत एकाच माणसाले चार मतं द्याची राहतात, चारही बटणं त्याईनं सावकाश दाबली. गोपाळरावाचं मत सकाळीच झालं होतं, ते बाहेर फाटकाशी थांबले होते. दादाजी परत निघाले, माया बाकासमोर आले. मी म्हणणार होती, दादाजी, तुमच्याशिवाय बाक खायले उठते. म्हणणार होती, तुमच्यामुळं माया घरात माणूस आहे. त्या एका वर्षात हे सांगाले मले कितीदा वक्त भेटला अन् मी प्रत्येक वेळी वडीचंच बोलली.

तोंड उघडायच्या आत दादाजीनं साहेबाची नजर चुकवली, हात कमरेपाशी आणला, अन् मले ठेंगा दाखवला.

मी डोक्यावरून हात फिरवला. बाजूच्या माणसानं विचारलं, बाई, रडता काहून? मी म्हटलं, तुमची बॅग उचला आधी, इथं डबा ठेवाची जागा आहे.